गाळलेला पाठ

रवि. १० मार्च १९५७

आज कागदावरचा पाठ वाचला नाही.

कागद पाद्रीसाहेबांच्या हातचा. कोणत्या रविवारी शास्त्रातलं काय वाचायचं ते लिहिलेलं, नऊ वर्षं तोच चालतो. ते वर्ध्याहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात, बाकीचे रविवार माझे. आज मत्तय पाच होता. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास नि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये.

पान उलटलं नि मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. ते सगळ्यांना आवडतं. बावीस माणसं होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. आवाजही आज नेहमीपेक्षा चांगला लागला. त्याचीच जास्त लाज वाटते.

सोम. ११ मार्च

निदान इथं तरी लिहून टाकतो.

दादा, म्हणजे मोतीराम, माझा थोरला भाऊ. केळझरला गवंडीकाम करतो. ऑक्टोबरात नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या यादीतलं त्याचं नाव मीच खोडलं, माझ्याच टाकाने. तेव्हापासून बोलणं नाही.

जानेवारीत आई गेली. माझ्याकडेच होती. पहाटे गेली. आठच्या मोटारीने चिठ्ठी धाडली असती तर दादा बारापर्यंत पोचला असता. मी अड्ड्यावर उभा होतो, चिठ्ठी खिशात होती, मोटार समोरून गेली. वाटलं, हा आपली माणसं घेऊन येईल, कबरीपाशी वंदना म्हणेल, पाद्रीसाहेबांसमोर शोभा होईल. (पाद्रीसाहेबांकडे सायकलवर माणूस उजाडायच्या आत धाडला होता.) दादाची चिठ्ठी दुपारच्या मोटारीने गेली. चार वाजता माती दिली. दादा दिवेलागणीला आला, तेव्हा खड्डा बुजवून फावडी धुऊन ठेवली होती.

त्याला म्हटलं, सकाळीच धाडली होती, मोटारवाल्याने घोळ घातला. मंडळीला म्हटलं, सकाळीच कळवलंय, येतो की नाही देव जाणे. सगळ्यांनी मान हलवली. एस्तेरला सगळं ठाऊक आहे. बायको आहे, अड्ड्यावरून चिठ्ठी खिशात परत आणली ती तिने पाहिली. तिने मला त्यावर आजवर एक शब्द विचारलेला नाही.

बुध. १३ मार्च

शाळा सुटल्यावर मार्थाबाई आली. साठी उलटलेली, एकटी राहते, प्रार्थनाघर झाडते-सारवते. अक्षराची ओळख नाही. उंबऱ्याशी टेकली नि म्हणाली,

"मास्तर, परवाच्याले भावाचं होतं नं? थे काऊन नाई वाचलं?"

मी गार. म्हटलं, "कागद बदलला."

"असं. दरसाली झावळ्याच्या सनाआंधी येते थे, म्हून इचारलं. थे आयकूनच मी जावेकडं गेलती. सात वरसं बोलत नोयतो आमी. मागल्या साली पुन्यांदा गेलती." मग जरा थांबून, "मंग यंदा कोनाकडं जा लागते?"

म्हटलं, स्तोत्र होतं, कोणाकडे जायचं नाही.

"मंग यंदा आराम हाये," म्हणाली नि उठली. चेष्टा करत होती की काय, कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

रवि. १७ मार्च

पाठ: जो ऐकतो नि करतो त्याचं घर खडकावर, जो नुसता ऐकतो त्याचं रेतीवर. वाचला. गाळायचं धाडस दुसऱ्यांदा झालं नाही, मार्थाबाई पुढंच बसली होती. प्रार्थनाघराची मागची भिंत दादाने बांधलेली. वाचताना डोळे वर केले की तीच दिसते.

नंतर मार्थाबाईला विचारलं, तुम्हाला वाचता येत नाही नि एवढं ध्यानात कसं राहतं?

"तुमाले वाचता येते, म्हून तुमचं पुस्तकात राह्यते. मले केल्याबिना ध्यानात नाई राहत, मास्तर."

सरळ म्हणाली, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शनि. २३ मार्च

एस्तेर सेलूच्या बाजारातून आली. तिची केळझरची मावसबहीण भेटली होती. दादाच्या मंगलाची सोयरीक मोडली. जवळजवळ ठरल्यातच जमा होती. मुलाकडच्यांचं म्हणणं एस्तेरने जसंच्या तसं सांगितलं, भाकरी थापता थापता.

"म्हनून राह्यले, ज्यानं आपल्या मायले माती नाई देली, थो पोरीले काय देईन."

ताट वाढलं तेव्हा म्हणाली, "तुमी वाचता मात्र लय चांगलं."

जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

रवि. ३१ मार्च

घसा बसल्याचं सांगितलं. वाचन नाही, तीन गाणी झाली, प्रार्थना झाली. संध्याकाळी मार्थाबाई अडुळशाचा काढा घेऊन आली. प्यावा लागला. कडू जहर.

रवि. ७ एप्रिल

पाद्रीसाहेब आले. प्रभुभोजन. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं नि मी हात पुढं केला नाही. एस्तेरने पाहिलं. पाद्रीसाहेबांनीही पाहिलं.

नंतर त्यांना कडुनिंबाखाली सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे, मुद्दाम वाईट सांगणारा नाही. म्हणाले, "मास्तर, देवापाशी कबूल करा, झालं. भावाला जाऊन भेटा, गोडीने बोला. पण मंडळीसमोर नको. दहा घरं आपली. त्यातली दोन आधीच दीक्षा घ्यायला निमित्त पाहताहेत. वाचकाचंच असं निघालं तर उद्या कोण थांबेल?"

हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. घरी येईपर्यंत टिकलं.

एस्तेरला सांगितलं पाद्रीसाहेब काय म्हणाले ते. ती म्हणाली, "अन् मंगलाचं?"

शनि. १३ एप्रिल

शाळा सकाळची. अकराला सायकल काढली, सेलूवरून केळझर. ऊन असं की सायकलचा दांडा धरवत नव्हता. दादा घरीच होता, ओसरीवर, ओळंब्याची दोरी बदलत होता. मला पाहून उठला नाही. वहिनीने पाणी दिलं, आत गेली. बसलो.

उभ्या उभ्याच सांगायचं ठरवलं होतं, ते बसून सांगितलं. पहाटे गेली. आठची मोटार जाऊ दिली. चिठ्ठी खिशात होती. मोटारवाल्याचा काही दोष नाही.

त्याने दोरीला गाठ मारली.

"काऊन केलं?"

म्हटलं, तू वंदना म्हणशील म्हणून भ्यालो.

"म्हटलीच असती. दोन मिनिटं लागते. माय उठून बसनार होती का?"

मग, "मले सांगाले आला, का तुह्या पुस्तकाले दाखवाले आला?"

म्हटलं, दोन्ही असेल. निदान हे खोटं नव्हतं.

"मले सांगतलं, बरं केलं. मी त्या मोटारवाल्याले शिव्या देल्या, त्याच्या पाया पडीन आता. पन शमू, मले सांगून काय व्हते? मी तर तिथंच होतो, कबरीपाशी, माती वली होती. मले माहीत हाये मी आलतो का नाई. ज्याईले तुह्यामुळं वाटते का सकाळी कळवूनबी मी आलो नाई, त्याईले कोन सांगन?"

"सांगतो," म्हटलं.

"कवा?"

मला 'शमू' म्हणाला, एवढ्या महिन्यांनी. त्यावर रडू आलं. त्याला आलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नि दोरी पुन्हा हातात घेतली. निघताना वहिनीने जेवून जा म्हटलं, दादाने म्हटलं नाही. मी थांबलो नाही. मंगला मागच्या दारी धुणं वाळत घालत होती. तिला काही बोलता आलं नाही.

रवि. १४ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

पोरांनी शिंदीच्या झावळ्या आणल्या. मिरवणूक. गाणं. मग कागदावरचा आजचा पाठ वाचला. मग म्हटलं, गेल्या महिन्यातला एक राहिलाय, तो वाचतो. मत्तय पाच. वाचला. आवाज धड नव्हता, मधे दोनदा थांबलो.

शास्त्र मिटलं नि सांगितलं. चारच वाक्यं. आई पहाटे गेली. दादाला मी मुद्दाम उशिरा कळवलं. तुम्हाला मी खोटं सांगितलं. दादाचा काही दोष नाही, मोटारवाल्याचाही नाही, दादाला जो बोल लागला तो माझा आहे.

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. पहिल्या रांगेतले दाऊदकाका, मंडळीचे पंच, खाली पाहत होते. मग उठले नि बाहेर गेले. त्यांच्यामागून चार-सहा जण. शेवटची प्रार्थना कोणी करायची ते कोणाला कळेना. मार्थाबाईने केली. तिने माझं नाव घेतलं नाही. दादाचं घेतलं, मंगलाचं घेतलं, मोटारवाल्याचंसुद्धा घेतलं.

घरी आल्यावर एस्तेर म्हणाली, "पानी ठेवलं हाये, पाय धुवा." जानेवारीपासून हे म्हणाली नव्हती. मी गडू घेतला नि पाय धुतले.

बुध. १७ एप्रिल

दाऊदकाका नि दुसरे पंच आले. घरात आले नाहीत, अंगणातच उभे. वाचन बंद. पाद्रीसाहेब येऊन ठरवतील तोवर. म्हटलं, बरोबर आहे. दाऊदकाकांना हे आवडलं नाही, मी भांडेन असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "आतापावतर आमी मोतीरामले काय काय बोललो, मास्तर. तुमच्या बोलन्यावर बोललो. आता थे आमी कुठं नेऊन टाकावं?"

त्यांनीही जाऊन यावं केळझरला, असं ओठांवर आलं. गिळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही खोड जात नाही.

यादीतल्या खोडलेल्या नावाबद्दल मात्र मला काही वाटत नाही. दादा आमच्यातून गेला, तो खुशीने गेला. त्याचं त्याला. ते खोडणं खरं होतं, तेवढं एकच.

शुक्र. १९ एप्रिल. उत्तम शुक्रवार

चटईवर बसलो, पुरुषांच्या मागच्या रांगेत. दाऊदकाकांच्या सुनेने वाचलं, चौथी झालेली. एकेक अक्षर लावत वाचते. 'पिलाताने' म्हणायला तिला तीनदा अडलं. मी मनात दुरुस्त्या करत होतो. मग केव्हातरी ते थांबलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा पुढचं वाक्य काय येणार याची वाट पाहत बसलो. ठाऊक असूनही.

शेवटी तिला चांगलं वाचलंस म्हटलं. ती घाबरलीच.

रवि. २८ एप्रिल

मार्थाबाईकडून कळलं: दाऊदकाका परवा केळझरला जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. दादाने चहा दिला म्हणे. मंगलाच्या सोयरिकीचं काही कळत नाही. मोडलेली सोयरीक अशी जुळते होय.

शुक्र. ३ मे

दादाचं कार्ड. अक्षर मिशन शाळेतलंच, अजून तसंच वळणदार, माझ्यापेक्षा बरं. तिथं दोघं एका बाकावर होतो.

चार ओळी. शनिवारी दुपारी येतो. सोबत घरची नि वस्तीतली दोन माणसं. मायच्या कबरीपाशी आम्ही वंदना म्हणू. तू तिथं राहशील का, ते कळव.

क्षमेबिमेचं काही नाही. एस्तेरने कार्ड वाचायला लावलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं. म्हणाली, "सैपाक कितीचा करू?" म्हटलं, ते आपल्याकडे जेवतील असं लिहिलेलं नाही. म्हणाली, "मी करून ठेवते."

कबरस्तान मंडळीचं आहे. पंचांना विचारायला हवं होतं. पाद्रीसाहेब परवा येणार, त्यांनाही. विचारलं तर नाही म्हणतील, नि नाही म्हटल्यावर मी काय करीन याचा मला भरवसा नाही. म्हणून विचारलं नाही. उत्तराचं कार्ड आता वेळेत पोचायचं नाही, म्हणून शाळेतून सुटून सायकलने सेलूपर्यंत गेलो, केळझरकडे जाणारा एक ओळखीचा गाडीवान भेटला, त्याला तोंडी सांगितलं: राहतो म्हणावं. त्याने ते परत म्हणून दाखवलं तेव्हाच गाडी सोडली.

परत येताना दाऊदकाका रस्त्यात दिसले. थांबवून सांगितलं, उद्या दादा येतोय, कशासाठी तेही. "मले कायले सांगून राह्यले?" एवढंच म्हणाले नि गेले. उद्या कबरस्तानाच्या फाटकात उभे राहतील की घरात बसतील, सांगता येत नाही.

मला वंदनेचे ते शब्द येत नाहीत. दादा म्हणेल तेव्हा ऐकत उभा राहीन.