वाईट डोळ्याच्या चष्मेवाल्याचा शेवटचा कागद

मी, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं आता कोणी उरलेलंही नाही. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, कारण डाव्या डोळ्याला मधलं काही दिसत नाही आणि उजवाही त्याच वाटेला लागला आहे. जन्मभर लोकांचे नंबर काढले, मला मात्र आता कुठलाच नंबर लागू पडत नाही.

१. तीन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी या कागदान्वये रद्द करत आहे. ते वकिलाच्या कपाटात आहे, ते फाडून टाकावं. त्यात एक लबाडी होती. तिच्याबद्दल पाचव्या कलमात लिहितो, आधी बाकीचं आवरू द्या.

२. दुकानावरचं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लहान खोली, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मागच्या खोलीत माझी मेहुणी राहते. माझी बायको आजारी पडली तेव्हा तिची ही धाकटी बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. बायको गेली, ही राहिली. मुलगा तिला मावशी म्हणतो, त्याचं ऐकून सगळी गल्लीच मावशी म्हणते. तिला दुसरं घर नाही. माझ्यामागे घर विकायचं आणि मावशीला वृद्धाश्रमात पोहोचवायचं, असं मुलाने परस्पर ठरवून टाकलं आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग घराच्या कागदपत्रांची. हल्ली तब्येतीची चौकशी फार लवकर आटपते.

३. खालचं दुकान, भिंगं घासायचं यंत्र, तपासणीच्या भिंगांची पेटी आणि फ्रेमची तिन्ही कपाटं मुलाला द्यावीत. पेटीत एक भिंग कमी आहे. ते त्याने सातवीत असताना मुंग्या जाळायला नेलं होतं आणि मी विचारल्यावर कानांवर हात ठेवले होते. मी विसरलेलो नाही.

४. माझ्या अकरा वह्या. यांची हकिकत थोडी लांब आहे, पण माझी दुसरी काही कमाई नाही, म्हणून ऐकून घ्या.

दुकानाशेजारी एक म्हातारे यहुदी गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत. मी त्यांना घड्याळवाले काका म्हणे. त्यांच्या बारीक कामाच्या चष्म्यासाठी त्यांचं माझ्याकडे येणं-जाणं होतं. माझ्या दुकानात मी पाटी लावली होती, की डोळा हा शरीराचा दिवा आहे, असं येशूने म्हटलं. धंद्याला बरी दिसते म्हणून लावली होती. काका एकदा ती वाचून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, "अरे, तो आमच्यातला माणूस, आमच्या भाषेत बोलला. तू त्याला दुकानात बसवून चष्मे विकायला लावलंस होय?"

मग त्यांनी सांगितलं. हिब्रूत 'आयिन तोवा' म्हणजे शब्दशः चांगला डोळा, पण अर्थ सढळ हाताचा माणूस. 'आयिन राआ' म्हणजे वाईट डोळा, अर्थ कद्रू, दुसऱ्याचं भलं ज्याला बघवत नाही असा. पाटीवरच्या वाक्याच्या पुढेच येशू म्हणतो, डोळा चांगला तर सगळं शरीर उजेडात, डोळा वाईट तर अंधारात. हे बोलणं कुठे आलंय बघा. त्याच्या आधी संपत्ती कुठे साठवावी याबद्दल बोलणं आहे आणि नंतर देव आणि धन या दोन मालकांबद्दल. मधेच तो डोळ्यांच्या आरोग्यावर कशाला बोलेल? द्राक्षमळ्याच्या गोष्टीत उशिरा आलेल्या मजुरांनाही पूर्ण रोज मिळतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. तेव्हा मालक विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट का? तिथेही शब्द तोच. आपल्या भाषेत वाचणारा मात्र वाईट नजर म्हणजे बाईकडे बघणं किंवा दृष्ट लावणं समजतो.

काकांकडे मी सहा वर्षं हिब्रू शिकलो. येशू काय म्हणाला ते त्याच्या माणसांना कसं ऐकू आलं असेल, हे वह्यांत लिहीत गेलो. आणि एका रविवारी आमच्या चर्चचे पाळक त्याच वाक्यावरून तरुण पोरांना सिनेमे आणि नजरेची पापं यावर झोडपत असताना मी भर उपासनेत उठून त्यांची चूक दाखवली. पुढच्या आठवड्यात शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. बावीस वर्षं शिकवत होतो. पाळक म्हणाले, मंडळीत गोंधळ नको. गोंधळ! अर्थ सांगितला की यांच्याकडे गोंधळ होतो. सबब, वह्या मंडळीच्या ग्रंथालयाला देऊ नयेत. तिथल्या वाळवीलाही माझे शब्द मिळू नयेत. त्या मेहुणीकडे राहाव्यात.

५. आता लबाडी.

तीन वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात मी मागची खोली मेहुणीला तहहयात लिहून दिली होती. मंडळीतल्या चार लोकांदेखत सांगितलं, खोली तुझी. ती रडली. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं.

वकिलाने मला दोनदा बजावलं होतं, की ज्याला काही द्यायचं आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, आपल्या कायद्याप्रमाणे त्याला दिलेलं बाद होतं. मी मान डोलावली, घरी आलो, आणि साक्षीदार म्हणून पहिली सही तिचीच घेतली. चुकून नाही. समजून उमजून. जिवंतपणी माझं नाव व्हावं आणि मेल्यावर घर अखंड मुलाला जावं, असा हिशोब होता. एकोणीस वर्षं माझं आणि माझ्या बायकोचं सगळं केलेल्या बाईच्या तोंडाला मी तिच्याच हाताने पानं पुसली. तिने न वाचता सही केली. "भाऊजी, तुम्ही लिहिलंय ना, मग झालं," एवढंच म्हणाली.

हीच बाई एकदा माझ्या कपाटातला वाचायचा चष्मा इस्त्रीवालीला देऊन आली होती. मी घर डोक्यावर घेतलं. आणि त्या आठवड्यात मी वहीत काय लिहीत होतो? आयिन तोवावर, सात पानं!

डोळे गेल्यापासून वह्या तीच मला वाचून दाखवते. दोन महिन्यांपूर्वी ती पानं आली. वाचून झाल्यावर तिने वही मिटली. मला वाटलं, आता टोमणा येणार. आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इतकं साधं आहे होय, भाऊजी? मला वाटायचं, तुम्ही काहीतरी अवघड शिकताय."

पाळकाला अर्थ कळला नव्हता. मला कळला होता. त्यामुळे मी त्याच्यापेक्षा वाईट.

६. सबब, कलम दोनमधलं सगळं घर, फक्त मागची खोली नव्हे, मी माझ्या मेहुणीला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने राहावं, विकावं, इस्त्रीवालीला देऊन टाकावं, कोणी विचारू नये. मुलाने कोर्टकचेरी करू नये. हे दान नाही. काकांच्या भाषेत दानाला आणि न्यायाने वागण्याला शब्द एकच आहे, आणि मी दोन्हींपैकी काहीच आजवर केलेलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलाने करावी.

७. सही करण्यापूर्वी हे एक कलम वाढवत आहे. साक्षीदार समोर खोळंबले आहेत. एक शेजारचा शिंपी, दुसरे स्वतः पाळक. दोघांनाही या कागदातून दमडी मिळत नाही, म्हणूनच बोलावलं. मजकूर त्यांनी वाचायचा नसतो, तेही एका परीने बरंच आहे.

आत्ता मेहुणी हात पुसत बाहेर आली. चष्मा लावला आणि विचारलं, "मी कुठे सही करू, भाऊजी?"

मी म्हणालो, "तुझी सही नको."

"बरं," म्हणाली. चष्मा काढून आत गेली. खोली दिली तेव्हा सही घेतली होती, आता सही नको म्हणजे मी तिला वगळलं, असं तिला वाटलं. पाळकांनाही तेच वाटलेलं दिसतं. ते माझ्याकडे बघत नाहीत. हाक मारून दोन शब्दांत सांगता येईल, दार उघडंच आहे. पण आज सही का नको हे सांगायचं, तर त्या दिवशी का घेतली हेही सांगावं लागेल, आणि तेवढी छाती मला नाही.

वकिलाने हा कागद वाचताना तिला समोर बसवावं. पाचवं कलम गाळू नये.

सही: चष्मेवाला

साक्षीदार: आमच्यासमक्ष सही झाली.
१. शिंपी
२. पाळक

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, मंगळवार, सकाळी