बावीस नंबरचं दार

१० जून
पुराच्या धास्तीने खालच्या पतसंस्थेचं इंटरनेटचं खोकं वर आणलं. आमच्याच जिन्यात, आमच्या खोक्याशेजारी, एका कपाटात. पोलादपूरचा केबलवाला बाळा सकाळभर वायरींत लोंबकळत होता. तो गेल्यापासून मृणालचा कोड कंपनीच्या रेपॉझिटरीत, म्हणजे त्यांच्या कोडच्या कोठारात, चढत नाही. सूनबाई महाडात राहून नोकरी करते ती याच तारेच्या जोरावर.

११ जून
बाळाला बोलावलं. "गूगल उघडतंय ना काकू? मग नेट हाय!" मूर्ख. स्क्रीनवर स्वच्छ इंग्रजीत लिहिलंय: पोर्ट बावीस, उत्तर नाही. मृणालने एकदा सांगितलं, मला कळलं. प्रत्येक कामाला वेगळ्या नंबरचं दार. वेबसाइट ४४३ मधून, कोड बावीसमधून. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. बाळा म्हणे, "बावीस-बिवीस आमच्याकडे नाय." आणि याचा धंदा इंटरनेटचा!
मृणालला म्हटलं, ४४३ ने पाठव. कंपनीचा सर्व्हर तिथून घेत नाही.

१२ जून
मृणालच्या साहेबांचा फोन. सोमवारपर्यंत जमलं नाही तर पुण्याच्या ऑफिसात या, कायमच्या. म्हणजे नात ईशाही जाणार. घर शांत होईल. बरंच, निदान...
पुढे लिहवत नाही.

१३ जून
ईशाचं कार्टूनही लागत नाही. आणि खाली पतसंस्थेच्या मॅनेजरच्या केबिनमधून क्रिकेटची कॉमेंट्री! त्यांच्याकडे तर व्हिडिओ बंद. ऑडिटरने सांगून साध्या वेबसाइटचं सोडून सगळी दारं लावून घेतलेली. म्हणजे त्या गाढव बाळाने वायरी उलट्या जोडल्या. त्यांचा वॉचमन आमच्या उरावर, आणि लोकांच्या ठेवींचा कारभार आमच्या सताड उघड्या खोक्यावर.
खाली गेले. कपाटाची किल्ली मॅनेजरकडे.
"बघू ना ताई, पाऊस ओसरला की."
"पाऊस की मॅच?"
शिपाई फिसकन हसला. मॅनेजरने आवाज बारीक केला. मॅच नाही बंद केली.

१५ जून, सोमवार
ऑडिटरला फोन लावते म्हटल्यावर किल्ली आली. बाळाने वायरी फिरवल्या. "झालं काकू, एवढंच होतं!" एवढंच!
दुपारी कोड गेला. साहेब खूश. तरी म्हणाले, पावसाळाभर तिथे हे असंच चालणार, पुण्यालाच या, राहायची सोय करतो. मृणाल म्हणाली, "घरी विचारून सांगते."
अजून विचारलेलं नाही. संध्याकाळचा चहा मात्र तिनेच केला, आणि साखर अगदी मला लागते तेवढी घातली. लक्षण ठीक नाही.