रॉड खाली पडल्यावर

४ जानेवारी, विक्रोळी
दुपारी पोलीस समन्स देऊन गेला. कांदिवलीची केस, दोन वर्षांपूर्वीची. मी साक्षीदार. गण्या, ज्याच्या खोलीवर सध्या पडलोय तो, म्हणाला, साल्या, तुझ्या नावाने पहिल्यांदा काहीतरी आलं इथे. हसलो. तो कामावर गेल्यावर खाडीकडे भटकलो. चिखलात लांब पायांचे पक्षी होते. नाव माहीत नाही. बराच वेळ तेच बघत बसलो.

६ जाने.
लिहून काढतो, नाहीतर कोर्टात गुंता होईल.
शोभामावशीची शहाळ्यांची गाडी, कां. स्टेशनच्या बाहेर. नात्याची नाही. पण मी जेवलो का, हे विचारणारी तेवढी एकच. मी शहाळी उतरवून द्यायचो, मग स्टुलावर बसून राहायचो, कुठे जायचं नसायचंच. तिची मुलगी सोनाली नवऱ्याला सोडून आलेली, गाडीवर असायची. एक दिवस भर दुपारी तो आला, नितीन, लोखंडी रॉड घेऊन. पहिला फटका सोनालीच्या हातावर. दुसरा तिच्या डोक्यावर उगारला आणि मावशीने कोयता मारला. नितीन मेला. मावशी तेव्हापासून आत.
माझ्या जबाबात एवढंच. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टात वार दोन आहेत. दुसऱ्याबद्दल हवालदाराने विचारलं नाही.

९ जाने.
कां.ला गेलो. गाडी आता सोनाली चालवते. हात वाकडा जुळलाय. कोयता नवा, आईचा पोलिसांकडे जमा. मला शहाळं फोडून दिलं, अर्धं पाणी सांडलं.
मावशीच्या वकीलबाईने तिला समजावलंय. जीव जायची भीती आहे तोवर मारता येतं, समोरचा मेला तरी. भीती संपली की हक्क संपला. म्हणून सगळं दुसऱ्या वारावर अडलंय.
सोनाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा रॉड त्याच्या हातातच होता ना रे?"
मी म्हटलं, गिऱ्हाईक थांबलंय बघ.

१० जाने.
हातात नव्हता.
पहिला वार बसला, रॉड सुटला, घरंगळत गटाराच्या झाकणावर आपटला. माझं लक्ष म्हणजे असं, माणूस मरतोय आणि मी रॉड कुठे जातोय बघतोय. मग तो दुसरा आवाज. शहाळ्याचा येतो तसाच.
रॉड उचलायला तो वाकला असेल तर मावशी सुटू शकते म्हणे. पण मी रॉडकडेच बघत होतो. त्याचा हात तिथे आला नाही.

१३ जाने., बोरीवली
उगाच आलो. स्टेशनबाहेर एक शहाळेवाला. त्याला म्हटलं, एक वार मारून थांबून दाखव. तो म्हणाला, "एका वाराने काय होतंय? हात चालतोच. बाजूला हो, धंद्याचा टाइम आहे."
तो मारतो, डाव्या हाताने शहाळं फिरवतो, परत मारतो. मध्ये बघतही नाही, माझ्याशी बोलत होता. मावशीचं पण तसंच झालं असणार. तिने दुसरा वार ठरवून मारलाच नसेल. पण कोर्टात हे सांगायचं कसं? आणि सांगून तिचं भलं होणार की वाट लागणार?
विचारायला कोणी नाही. मोजे घेतले एक जोडी. गरज नव्हती.

१७ जाने.
गण्याची बायको गावाहून येतेय. म्हणजे निघा. एक ट्रकवाला ओळखीचा, नाशिकला चल म्हणतोय. तिकडून पुढे कुठेही. सोनालीचे दोन मिस्ड कॉल. बॅग भरली. परत रिकामी केली. गण्याने बघितलं.

२१ जाने., कोर्ट
सकाळपासून बाकावर. वकीलबाई दिसली, मी उठलो, तर ती म्हणाली, तुम्ही सरकारी साक्षीदार, माझ्याशी बोलू नका. सोनाली पलीकडच्या बाकावर. माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे.
मग कळलं, जज रजेवर. पुढची तारीख.
मावशीला परत नेत होते. केस पांढरे झालेत. माझ्यासमोर आली तशी थांबली, बाजूची पोलीसबाई पण थांबली. वाटलं आता विचारणार.
"जेवलंस काय रे?"
"हो मावशी."
सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. खोटं किती सहज निघालं तोंडातून.