खुराड्याचा झरोका

९ डिसेंबर

झरोका पुन्हा बंद. काल मी फाडलेल्या प्लास्टिकच्या जागी आज नवा कागद, चारी बाजूंनी खिळे मारलेला. थोरली जाऊ म्हणून गप्प तरी किती बसायचं? मोठे भावजी गेल्यापासून तिचा जीव कोंबड्यांत रमतो, मान्य. पण तिचे गुडघे धरतात म्हणून सकाळी खुराडं साफ करायला जाते मी. दार उघडलं की डोळे चुरचुरायला लागतात. भिंतींना पाणी सुटलेलं, भुसा ओला, पत्र्यावरून थेंब गळताहेत.

म्हटलं, "वहिनी, आत घाण वास कोंडलाय."

"कसला वास? थंडी बघ केवढी पडलीय. तुला दोन दोन पांघरुणं लागतात, त्यांना काहीच नको?"

१० डिसेंबर

मी फाडलं. तिने लावलं.

१३ डिसेंबर

अंडी निम्म्यावर आली. दिवस लहान झाला की कोंबड्या कमीच घालतात, हे तिलाही ठाऊक आहे. तरी जेवताना ह्यांना सांगते — "ही झरोका उघडा टाकते, म्हणून गारठल्यात बिचाऱ्या." माझ्या समोर. मी पहाटे भांड्यातलं गारठलेलं पाणी फेकायचं, कोमट पाणी नेऊन ओतायचं, ओला भुसा टोपल्या भरभरून उपसायचा, थंडीने तडकू नये म्हणून एकेकीला काखेत धरून तुऱ्याला तेल चोळायचं — आणि गारठवते कोण, तर मी.

हे काय म्हणाले? "तुम्ही दोघी बघून घ्या." आणि आणखी भाजी वाढून घेतली. घराला आग लागली तरी हा माणूस आधी ताट संपवेल.

१७ डिसेंबर

तांबडी शिंकतेय. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलीय, नाकाशी फेस. शेवटी मीच गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आत वाकले आणि लगेच नाकाला रुमाल लावून मागे सरले. "कोरडी थंडी कोंबडी सोसते, ओल नाही सोसत. वरचा झरोका रात्रंदिवस उघडा हवा. एवढा उग्र वास मारेपर्यंत काय करत होता?"

हे विचारलं मला. मला! ज्या बाईला विचारायचं ती तिथेच, खुराड्याच्या अगदी आत उभी होती. तांबडीला पोटाशी धरून, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. हट्ट करावा तरी किती? आमच्या डोळ्यांतून पाणी येतंय आणि ही देवळात उभी असल्यासारखी.

डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "आजकालच्या डॉक्टरांना सगळीकडे वासच येतो."

१८ डिसेंबर

बंद. ह्या वेळी प्लास्टिकवर गोणपाटही.

२१ डिसेंबर

तांबडी गेली.

थोरली म्हणाली, "थंडीने मारलीस माझी तांबडी." मग माझाही तोल सुटला. म्हटलं, "मी नाही, तुम्ही मारलीत, कोंडून. आणि वास येत नाही म्हणून सोंग करता ते कुणासाठी? मला खोटं पाडायला?"

वाटलं, आता सात पिढ्यांचा उद्धार होणार. तर ती तांबडीला खाली ठेवून आत निघून गेली. खड्डा मीच खणला. जमीन दगडासारखी झालीय, कुदळ लागत नव्हती. रागाच्या भरात खणला म्हणून झाला.

२४ डिसेंबर

अबोला. मीठ हवं असलं तरी निरोप ह्यांच्यामार्फत. झरोका मात्र उघडा आहे, तिने हात लावलेला नाही. भुसा कोरडा राहतोय. जिंकले म्हणायचं तर तसं वाटत नाही. उलट जास्तच चीड येते — हेच आठ दिवस आधी केलं असतं तर?

२६ डिसेंबर

परसातून मका घ्यायला आत येत होते, तर दारातच गॅसचा भपकारा. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस तसाच चालू. आणि थोरली समोर उभी, हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी ओरडले. काडेपेटी हिसकली, बटण बंद केलं, तिला ओढत बाहेर आणलं. तोंडाला येईल ते बोलले — जीव द्यायचाय का, आमचा घ्यायचाय का?

ती म्हणाली, "कसला गॅस?"

सोंग नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं.

थोड्या वेळाने मी लसूण ठेचून तिच्या नाकाशी धरला. तिने मान हलवली. "काही नाही येत गं."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून असेल. सर्दीने असेल म्हटलं. सकाळी डोकंही फार दुखतं हल्ली." मग म्हणाली, "म्हातारी झाली म्हणाल तुम्ही, म्हणून नाही बोलले."

एवढे दिवस मी हिच्याशी भांडत होते.

२९ डिसेंबर

गावातल्या डॉक्टरांनी थोरलीला तपासलं. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. हे सर्दीचं दिसत नाही म्हणाले; उद्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढायचाय. बरोबर मी जातेय. ह्यांनी बॅग भरायला घेतली, न सांगता.

रात्री कपड्यांच्या घड्या करताना थोरलीने विचारलं, "खुराड्यात खरंच इतका घाण वास होता का गं?"

म्हटलं, "नाही हो, वहिनी. एवढं काही नव्हतं."