एका मगाचा केक

शनि., ७ फेब्रुवारी

स्वरा आली. मागच्या शनिवारी तिला ताप होता म्हणून आली नव्हती. मी मात्र सवयीने कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन चॉकलेट पेस्ट्री आणून वाट बघत बसलो होतो. येत नाहीये असा तिच्या आईचा, वैशालीचा फोन नंतर आला. पेस्ट्री फ्रीजमध्ये तशाच राहिल्या. आज कार्टीने पाण्यासाठी फ्रीज उघडला, खोका काढला, आत बघितलं, वाळून कडक झालेल्या दोन्ही कचऱ्यात टाकल्या. मग पाणी प्यायली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आईवर गेलीय.

दुपारी म्हणाली, "पप्पा, मी तुला मगातला केक शिकवणार आहे." म्हटलं शिकवतेस कशाला, तूच कर, दोघं खाऊ. तर नाही, मीच करायचा. स्वतः हात मागे बांधून ओट्याशी उभी, कंपनीत ऑडिटवाले उभे राहतात तशी. मैदा, पिठीसाखर, कोको, चिमूटभर बेकिंग पावडर. सगळं दप्तरातून पुड्या बांधून आणलेलं, मम्मीच्या डब्यांतलं. त्यात दूध आणि तेल घालून गुठळ्या मोडायच्या, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट. वरून फुगला, आत चिखल. तिने एक चमचा खाल्ला आणि सांगितलं, पुढच्या वेळी मला न विचारता करायचा.

चौथीतली पोरगी मला केक का शिकवतेय, कळत नाही. (हे वाक्य या डायरीत फार वेळा येतं. यापुढे नुसतं क.ना.)

बुध., ११ फेब्रु.

जेवणाच्या सुट्टीत वै.चा फोन. बँकेत प्रमोशन, पोस्टिंग हैदराबाद. मे महिन्यात जायचं. स्वराला घेऊन जायचं तर माझी संमती लागते, कोर्टात तसं ठरलंय. म्हणाली, "तू नाही म्हणालास तर मी प्रमोशन सोडते. मार्चअखेर सांग फक्त." भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं. अशी सरळ बोलते तेव्हा माझं डोकंच बंद पडतं. लग्न टिकलं तोवरही तेच व्हायचं.

स्वराला अजून सांगितलेलं नाही, तूही काही बोलू नकोस, म्हणाली. शब्द दिला.

हैदराबाद म्हणजे शनिवार संपले. बरं झालं आमच्या अंबडच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची असते म्हणून तेवढे तरी मिळत होते. गंगापूर रोडवरून, वै.च्या माहेरून, आजोबा स्कूटरवर आणून सोडायचे, संध्याकाळी न्यायचे.

नंतर मापाचं गेज घेऊन इन्स्पेक्शनला बसलो आणि चांगले पीस रिजेक्टच्या क्रेटमध्ये टाकत गेलो. मशीन लावून देणारा आमचा सेटर पगारे ते मुकाट्याने उचलून परत आणत होता. शेवटी म्हणाला, साहेब, आज गेज खराब आहे का डोळे?

गुरु., १२ फेब्रु.

पगारेला सगळं सांगितलं. म्हणाला पोरीला विचारा. विचारता येत नाही, शब्द दिलाय.

मग चहा पिता पिता सुचलं. विचारायचं कशाला? तिला इथे इतकं भारी वाटलं पाहिजे की हैदराबादचं नाव निघालं की तीच म्हणेल, मी पप्पाकडे राहते. तिला केक हवाय ना? असा केक करीन की तिच्या आईच्या मोठ्या ओव्हनमध्ये तसा होणार नाही.

पगारे म्हणाला, तुम्हाला कढी जमत नाही.

शनि., १४ फेब्रु.

लाज गेली. पोरीसमोर शोभा हवी म्हणून लग्नात आलेला सोनेरी काठाचा मग काढला. तो सेट इतकी वर्षं खोक्यातच होता, वाटणीत दोघांनाही नको होता. बटण दाबलं तर आत दिवाळी. ठिणग्या, तडतड, जळका वास. मी "अरे अरे" करत उभा. स्वराने "पप्पा, बाजूला हो" म्हणून मेन स्विच बंद केला. सोनेरी काठ म्हणजे धातू, मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, हे तिला माहीत. मी पंधरा वर्षं मेटलमध्ये काम करतोय.

मग कंपनीतून सेफ्टी वीकला मिळालेला पांढरा मग शोधून काढला. त्यावर 'सुरक्षा प्रथम' लिहिलंय. तिला फार हसू आलं. आजचा दिवस तेवढ्यापुरता माझा.

केक मात्र रबर.

मंगळ., १७ फेब्रु.

कामावरून आल्यावर ट्रायल. बेकिंग पावडर संपली होती म्हणून खायचा सोडा घातला, आणि चिमूट म्हणजे नक्की किती याचा काही ठोकताळा नसल्यामुळे चमचाभर. मगातून वर आला, बाहेर आला, काचेच्या ताटलीवर पसरला. चव साबणाची.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन. काय करतो विचारलं, खरं सांगितलं. "बायको गेली अन् तू केक करीत बसला का? भाकरी खातो का नाय ते सांग." खातो म्हटलं. खरं तर मेसचा डबा तसाच पडला होता. हैदराबादचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती, मग मी रडलो असतो, आणि मायक्रोवेव्ह पुसायचा राहिला असता.

शनि., २१ फेब्रु.

बरा झाला आज. बरा म्हणजे खाण्यासारखा. तरी स्वराने एकच चमचा खाल्ला आणि मग माझ्याकडे सरकवला. आवडला नाही का? आवडला म्हणे. मग खा की. "तू खा. तुझाय."

म्हटलं थांब, दोन मगात करतो, एक तुझा एक माझा. तर एकदम चिडली. दोन नाही करायचे. एकाचंच माप नीट शिक आधी. चिडण्यासारखं मी काय बोललो? क.ना.

खात बसलो होतो तर विचारते, पप्पा, तुला याचा कंटाळा येईल का? म्हटलं केकचा कोणाला कंटाळा येतो. ती खिडकीतून खाली बघत राहिली. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, पाणीपुरीवाला पण आला नव्हता.

शुक्र., २७ फेब्रु.

पगारेचं मत: पोरीला माझा केक आवडत नाही, ती मन राखतेय. माझं मत: कोको हलका आहे. पगारे म्हणाला, साहेब, सगळ्याच गोष्टी मटेरियलमुळे रिजेक्ट होत नाहीत. त्याला म्हटलं तू तुझं मशीन बघ. नंतर वाईट वाटलं, त्याच्यासाठी द्राक्षांची पेटी घेतली. आमच्याच गावाकडची निघाली.

शनि., १४ मार्च

मागचा शनिवार तिच्या परीक्षेत गेला. मी पेस्ट्री आणली नाही, म्हणजे बेकरीपर्यंत गेलो आणि परत आलो. आज स्वराच्या कानामागे अजून रंगपंचमीचा गुलाबी रंग होता. पुसायला गेलो तर राहू दे म्हणाली.

कोको संपला होता. चल, आणू, म्हटलं. दुकानापर्यंत आली आणि बाहेरच थांबली. "तू एकटा जा. विचार आणि आण." आत गेलो. कोको आणि ड्रिंकिंग चॉकलेट यात फरक असतो हे मला दुकानदाराच्या पोरासमोर कळलं. बाहेर येऊन पुडा दाखवला, तिने सगळं वाचलं, मान डोलावली. "कुठल्या फळीवर होता लक्षात ठेव."

हे काय चाललंय? मी तिला खूश करायला बघतोय आणि ती माझी परीक्षा घेतेय. इतकी चांगली वागतेय की भीती वाटते. हट्ट नाही, मोबाइल मागत नाही. जाताना ओटा पण पुसला. क.ना., क.ना.

वै.चा मेसेज: विचार केलास का? लिहिलं, करतोय.

शनि., २१ मार्च

सगळं लिहायचंय पण क्रम लागत नाही.

केक एक नंबर झाला. न विचारता, माप हाताला कळायला लागलंय. फुगला, मध्ये ओला नाही, चमचा स्वच्छ बाहेर. स्वराने वाकून मगात बघितलं, "पास" म्हणाली. एक चमचा खाऊन मग माझ्याकडे सरकवला, नेहमीसारखा.

मला राहवलं नाही. दिलेला शब्द मोडला. म्हटलं, स्वरा, तुला इथे आवडतं ना? समजा इथेच राहायचं झालं, माझ्याकडे, तर?

ती म्हणाली, "मला हैदराबादचं माहितीये, पप्पा."

मम्मी आणि आजी स्वयंपाकघरात बोलत होत्या, ही हॉलमध्ये गणितं करत होती. जानेवारीतच. म्हणजे पुड्या बांधून आली त्या पहिल्या शनिवारी तिला माहीत होतं, मला नव्हतं. मी आपला तिला पटवायचे डाव टाकतोय आणि ती आठवडेच्या आठवडे ते पोटात ठेवून माझ्या ओट्याशी उभी.

म्हटलं, मग हा केक कशाला शिकवत बसलीस? तू तर खातही नाहीस.

"तू दोन पेस्ट्री आणतोस. मी आले नाही तरी दोन आणतोस. मग त्या तशाच राहतात. हा एकाचाच होतो. उरत नाही." मग म्हणाली, "मम्मीला केक येतो. तुला येत नव्हता."

 ती टेबलावर सांडलेल्या कोकोत बोट फिरवत बसली. मी विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? जायचंय का राहायचंय? ती म्हणाली, "ते तुम्ही मोठ्यांनी सांगायचं असतं ना."

केक खाल्ला. सगळा. ती बघत होती म्हणून.  मग तोंड धुवायला आत गेलो आणि नळ मोठा सोडून रडलो. बाहेर आलो तर ती कार्टून बघत होती, आवाज एकदम वाढवलेला.

रवि., २२ मार्च

कामावर. पगारेला सांगितलं.  त्याने चहा आणून दिला आणि शेजारी उभा राहिला, मशीन चालू ठेवून.

गुरु., २६ मार्च

आईला शेवटी सांगितलं. वाटलं होतं रडेल. "पोर तिकडं धाड नायतर इकडं ठेव. पण मधी लोंबकळत ठेवू नको, लय वाईट." फोन ठेवल्यावर ती रडली असणार. आमच्या घरात सगळे फोन ठेवल्यावर रडतात.

हो म्हणावं तर पोरगी गेली. नाही म्हणावं तर वै. इथे अडकली, आणि स्वरा दर शनिवारी माझ्याकडे येताना ते ओझं घेऊन येणार. जिने मला माप शिकवलं तिला काय शिक्षा द्यायची? आणि हो म्हटलं तर ते तिच्यासाठी, की मी भांडायला घाबरतो म्हणून? गेज लावून बघता आलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. क.ना.

शनि., २८ मार्च

आज केकचा विषय दोघांनीही काढला नाही. मिसळ आणली. तिला तिखट लागली तरी पाव संपेपर्यंत खाल्ली, नाक पुसत. कॅरम खेळलो. राणी तिने घेतली, मुद्दाम सोडली नव्हती, खरंच घेतली. फार हसलो दोघं.

जाताना तिने फ्रीज उघडला, सहज उघडल्यासारखा. आत दूध, मेथी, मिरच्या. लावला आणि चप्पल घातली. जिन्यात म्हणाली, पुढच्या शनिवारी येते. म्हटलं ये.

सोम., ३० मार्च

वै.चा मेसेज: उद्या बँकेला सांगायचंय. काही पण सांग, मी राग मानणार नाही. वाचला. उत्तर दिलेलं नाही.

कामावरून येऊन केक केला. कोणी येणार नव्हतं, स्वतःसाठीच. तिने सांगितला तस्साच, 'सुरक्षा प्रथम'मध्ये. छान फुगला. आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला, स्वराला दाखवावा असा. फोटो काढला, मग पाठवला नाही. खायला बसलो.

अर्धा उरला.

खूप प्रयत्न केला, गेला नाही. एकाचंच माप आहे, माप बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. वरती बशी झाकून फ्रीजमध्ये ठेवलाय. शनिवारी ती फ्रीज उघडेल. त्याआधी संपवायला पाहिजे.