लाल पट्टीचे आजोबा

१२ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू फुगून बसली असशील. पण आधी बातमी ऐक. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली जेवणाची ट्रॉली माझ्या हातून सुटली आहे, निदान परीक्षेपर्यंत. इथल्या तिन्ही हॉस्पिटलांना वॉर्डासाठी शिकलेले मदतनीस मिळेनात. एखादा मिळाला, की शेजारचं हॉस्पिटल पळवायचं. शेवटी तिघांचे साहेब एका टेबलाशी बसले आणि स्वयंपाकघर, धोबीखाना इथल्या आपल्याच माणसांना मिळून शिकवायचं ठरलं. पगार चालू, निम्मा आठवडा वर्ग, निम्मा आठवडा दुसऱ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात काम. पास झाले तर कायमची वॉर्डात, नाहीतर पुन्हा ट्रॉली.

आता रडगाणं. शेजारच्या हॉस्पिटलात एका आजोबांच्या मनगटावर लाल पट्टी दिसली. आमच्याकडे लाल म्हणजे ऑपरेशन आहे, उपाशी ठेवा. मी त्यांचा नाश्ता उचलून परत नेला. तिथे लाल म्हणजे तोल जातो, सांभाळून चालवा, एवढंच. आजोबांचा मुलगा तो वॉर्ड सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंवर तावातावाने ओरडला. तिथले साहेब म्हणतात, परकी माणसं वॉर्डात नकोत, आम्ही यातून बाहेर पडतो. माझ्यापायी सगळ्यांचंच शिकणं बुडणार, मावशी. लाजेने मान वर होत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
भिंगरी

१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही, खुर्चीत पुढे सरकून पत्र दोनदा वाचलं. मी सिस्टर म्हणून सगळी नोकरी एकाच हॉस्पिटलात काढली. शेजारी लालचा अर्थ वेगळा असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. निवृत्त झाले तरी नाक खुपसायची खोड जात नाही, तेव्हा दोन गोष्टी कळव. पहिली, तिसऱ्या हॉस्पिटलात लाल म्हणजे काय? साहेब लोकांनी टेबलाशी बसून हे एकमेकांना विचारलं होतं का? नसेल, तर तू विचार. फार तर गप्प बस म्हणतील.

दुसरी गोष्ट तू लिहिलीच नाहीस. नाश्ता उचललास तेव्हा आजोबा काय म्हणाले?

तुझ्या आईला सांग, गुडघा बरा आहे. पत्र पाठव, वाट बघायला लावू नकोस.
तुझी मावशी

६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाने झोप उडवली. आजोबा म्हणाले होते की भूक लागली आहे. मी पट्टीकडे बघत सांगितलं, आज ऑपरेशन आहे ना. त्यांना वाटलं, घरच्यांनी ऑपरेशनचं आपल्यापासून लपवलं. मग मुलाला फोन करून निरोपाचं बोलू लागले. मला फार वाईट वाटलं. मी जाऊन त्यांचे पाय धरले.

मग धीर करून तिघा साहेबांच्या बैठकीत तुझा पहिला प्रश्न विचारला. तिसऱ्या हॉस्पिटलात लाल म्हणजे औषधाची ॲलर्जी निघाली. त्यांनी हे एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. एरवी चहाच्या वेळेवरही ज्यांचं जमत नव्हतं, त्यांनी उठण्याआधी सगळ्या रंगांचे अर्थ एक केले. बाहेर पडण्याची भाषा तिथेच विरली.

काल परीक्षा झाली. परीक्षक त्याच मेट्रनबाई. पेशंट म्हणून पलंगावर कोण, तर तेच आजोबा. बाईंनी मुद्दाम बोलावून आणले होते. त्यांच्या मनगटावर हिरवी पट्टी, आणि ठरलेल्या रंगांत हिरवा नाहीच. माझ्याआधीचे दोघे अंदाजाने ठोकून मोकळे झाले होते. मी बाईंना सांगितलं, मला ठाऊक नाही. मग आजोबांशेजारी बसले आणि त्यांनाच विचारलं की ही कशाची पट्टी, आणि काही खाल्लंत का.

बाई वहीत काहीतरी लिहीत हसल्या. सोमवारपासून मी त्यांच्याच वॉर्डात आहे, आमच्या साहेबांनी कुरकुरत का होईना, सोडलं. आजोबा मात्र शेवटपर्यंत गंभीर होते. म्हणाले, पट्टीचं मलाही माहीत नाही, पण तू येणार हे कळलं होतं, म्हणून घरूनच पोटभर खाऊन आलो.

असाच लोभ ठेव, आणि असेच प्रश्न विचारत जा.
तुझी,
भिंगरी