वास जाईपर्यंत

माय, आज आपल्या ग्रामसभेत दारूच्या वयाचा ठराव होता. तू गेल्यानंतर जिल्ह्यात दारूबंदी आली आणि उठलीसुद्धा. तू दोन्ही पाहिलं नाहीस. आता दुकानं उघडी आहेत, पण कायद्याने दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. ते वय एकवीस करावं असं काही जण म्हणतात. ते कमी करू नये, असा ठराव घ्यायचं आपल्या बायांनी ठरवलं आणि वाचायला मला सांगितलं. कारण एकच, मी तुझी मुलगी.

गावातलं दुकान बंद करण्यासाठी मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारा, हे सांगत तू घरोघरी फिरत होतीस. मी तुझ्याबरोबर असायची. एका म्हातारीने विचारलं, "बाटली आडवी केली त सांडन नाई का वो बाई?" तू म्हणालीस, "सांडू दे. त्याच्यासाठीच त फिरून राह्यलो." दुकान बंद झालं. त्यानंतरची एक पौर्णिमा मला अजून दिसते. विहारात वंदनेला लोक येताहेत, तू दाराशी उभी आहेस आणि तोंडाचा वास घ्यायला प्रत्येक पुरुषाला म्हणतेस, "हा कर." बाबाही रांगेत आहेत. "बायको हाये का ठाणेदार?" म्हणतात, आणि मुकाट्याने हा करतात. नशा न करण्याचं पाचवं शील नुसतं तोंडाने म्हणायचं नसतं, असं तू म्हणायचीस. मला तुझा फार अभिमान वाटायचा. ती सवय मी माझ्या घरी आणली. मुलाला मिसरूड फुटल्यापासून मीही दारात उभी राहून त्याचा वास घेत आले.

तो आता तेवीस वर्षांचा आहे, सिमेंट कारखान्यात कंत्राटावर आहे. मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर चुनखडीच्या जुन्या खाणीमागे गेला. दुपारीच गाडी घसरून मनगट मोडलं. घरी आला तो दिवेलागणीला, हाताला शर्ट गुंडाळलेला, तोंडात बडीशेप.

"एवढा वेळ कुठी होता?"

"तिथीच बसलो होतो. वास जायची वाट पाहून राह्यलो होतो."

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, लगेच आणायला हवं होतं. बोटं अजून नीट वळत नाहीत. दवाखान्यातून परतताना मी त्याला रागावले. तो म्हणाला, "मतदान चालते, लगन चालते, खाणीत टिप्पर चालवलेला चालते. दोन घोटांसाठी मात्र पंचवीस पाह्यजे!" मी म्हटलं, "पडला तेव्हा फोन त करायचा." तो खिडकीबाहेर पाहत होता. "कोनाले, तुले? तू त आधी हा कर म्हटलं, हात मंग पाह्यला."

खरं आहे. मी तसंच केलं होतं.

म्हणून आज ठराव वाचून झाल्यावर दोन शब्द स्वतःचे बोलायचे, असं मी ठरवून गेले होते. पोरं पितातच; लपून पितात म्हणून लपून पडतात, एवढंच सांगायचं होतं. मागून एक पोट्टा ओरडला, "काकू, आमाले बी विचारा ना कोनी!" तुझी मैत्रीण, जी तुझ्याबरोबर दारात उभी राहायची, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तुमाले विचारलं त पाळन्यातल्यालेबी पाजान!" सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली. "बोल वो बाई, तुह्या मायसारखी बोल." मी कागद वाचला, खाली ठेवला आणि हात वर केला. बायांमध्ये माझा हात पहिला होता. मुलगा मागे भिंतीपाशी उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. घरी येताना म्हणाला, "चांगलं वाचलं तू." त्याने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

वय किती असावं, ते मला खरंच कळत नाही. एकवीस असतं, तरी त्या दुपारी त्याने मला फोन केला असता का, हेही सांगता येत नाही. पण हात वर केला तो मला पटलं म्हणून नव्हे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मला तुझी भीती वाटली. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, असं मघापासून स्वतःला सांगते आहे. पण तू या क्षणी स्वयंपाकघरात असतीस, तरी मी ते तुला वाचून दाखवलं नसतं.